जुनी शिकारी रायफल : कालनिश्चिती आणि पुनरुज्जीवन

वारशाने आलेल्या शिकारी रायफलीचा काळ ठरवणे आणि तिचे मूळपण न घालवता ती पुन्हा नीट करणे, ही बंदूक कारागिरांची आणि संग्राहकांची जुनी विद्या आहे. भारतात अशा रायफली बहुतेक इंग्रजी बनावटीच्या, साधारण १८९० ते १९४० या काळातल्या आहेत. संस्थानिक, जहागीरदार, वनखात्यातले अधिकारी आणि मोठे बागाईतदार यांनी त्या विकत घेतल्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आला, शिकार संपली आणि रायफली कपाटात गेल्या. कोकणात शेतीसंरक्षणासाठी दिसते ती ठासणीची बंदूक किंवा छऱ्यांची दुनळी वेगळी. तिची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत सर्पिल खाचा असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि लांबवर सरळ लागते. घरात दोन्हींना ‘आजोबांची बंदूक’च म्हणतात, पण परवान्यावर त्या वेगवेगळ्या नोंदल्या जातात.

परवाना आधी, तेलपाणी नंतर

परवानाधारक वारला की घरात शस्त्र ठेवण्याचा आधार संपतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ नुसार अशा वेळी शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. मग वारस आपल्या नावाने परवाना मागतो. अर्ज शहरात पोलीस आयुक्तांकडे जातो, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. शस्त्र नियम, २०१६ मध्ये जिवंतपणी हस्तांतराचीही सोय आहे. धारकाचे वय सत्तर झाले किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे राहिले, की ते वारसाच्या नावे करता येते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि वारसाची शस्त्रेही त्याच मर्यादेत मोजली जातात. त्यामुळे ज्या घरात चार रायफली होत्या तिथे कुठली ठेवायची हा प्रश्न आता खरोखर उभा राहतो, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी काळ आणि बनावट कळणे गरजेचे होते.

‘शंभर वर्षांची आहे म्हणजे अँटिक, परवाना कशाला’ ही समजूत सर्रास आढळते आणि ती धोक्याची आहे. कलम ४५ मधली सूट कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना आहे, पण ती शस्त्रे दुरुस्ती करूनही डागता येणार नाहीत अशी हवीत. १९०८ सालची जर्मन माउझर रायफल नुसती पुसून तेल दिले तरी चालू शकते. तिला ही सूट मिळत नाही.

कलम ८ दुरुस्ती करणाऱ्यांनी पाठ करून ठेवावे. शस्त्रावरचे नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणे, काढणे अगर बदलणे हा गुन्हा आहे. हौशी माणूस पॉलिशपेपर घेऊन बसतो तेव्हा घासला जातो तो नेमका हाच भाग. कलम ५ मुळे दुरुस्तीचे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे लागते. परवान्याशिवाय नळी आखूड करायलाही कायद्याने बंदी आहे.

काळ कसा ठरवतात

एकाच खुणेवरून निकाल देऊ नये. नळी, बोल्ट (काडतूस आत सारून नळी मागून बंद करणारा दांडा), लाकडी दस्ता आणि दुर्बिणीची खोबण ही चार वेगवेगळ्या वर्षांची असू शकतात. नळी झिजली की बदलली जाई, दस्ता फुटला की नवा बसे. म्हणून अनुभवी माणूस पहिल्यांदा सगळ्या भागांवरचे क्रमांक जुळतात का ते पाहतो. चांगल्या इंग्रजी कामात चापाच्या पट्टीवर, नळीच्या खालच्या अंगाला, कधी कधी स्क्रूच्या दांड्यावरसुद्धा तोच अनुक्रमांक असतो.

सर्वांत बोलका पुरावा म्हणजे प्रूफ हाउसचे, म्हणजे नळ्या तपासणाऱ्या अधिकृत संस्थेचे, छाप. ब्रिटनमध्ये विकली जाणारी प्रत्येक नळी जादा दाबाच्या काडतुसाने तपासून तिच्यावर छाप मारणे सक्तीचे होते. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्याने आले. मुकुटाखाली फुलीच्या आकारात दोन राजदंड आणि त्यांच्याभोवती ‘बी’, ‘पी’, ‘सी’ अक्षरे असा छाप असेल तर तपासणी १९०४ पूर्वीची, बर्मिंगहॅमची. १९०४ च्या नियमांनी मुकुटाखाली ‘बी.पी.’, ‘बी.व्ही.’ आणि धूरविरहित दारूसाठी ‘एन.पी.’ हे छाप आणले. लंडनच्या ‘एन.पी.’वर तलवार उगारलेला हात असतो. परदेशी मालावर १९२५ पासून ‘नॉट इंग्लिश मेक’ असे स्पष्ट छापू लागले. १९५४ च्या नियमांनंतर दाबाचा आकडा टनांत दिसतो. जर्मन रायफलीवर मुकुट असलेली अक्षरे असतील तर ती १८९१ च्या कायद्याखालची. मुकुटाच्या जागी गरुड आला तो १९३९ च्या कायद्यानंतर. अंड्याच्या आकाराच्या चौकटीत ‘ई.एल.जी.’ दिसले की नळी बेल्जियममधल्या लिएजची समजावी.

दस्ता उतरवून नळीचे बूड उजेडात तिरपे धरले की १९०४ नंतरच्या इंग्रजी रायफलीवर बारीक अक्षरांत आणखी एक ओळ सापडते. कॉर्डाइट (धूरविरहित दारू) इतके ग्रेन (वजनाचे बारीक इंग्रजी माप), गोळी इतके ग्रेन, कमाल. .४७० नायट्रो एक्स्प्रेस या काडतुसाच्या दुनळीवर ७५ ग्रेन कॉर्डाइट आणि ५०० ग्रेनची गोळी असा उल्लेख येतो. काळाबरोबरच ही नळी कुठल्या भारासाठी तपासली होती हेही त्या ओळीत लिहिलेले आहे. म्हणून ही ओळ घासून गेली तर फार मोठे नुकसान होते.

बोअरवरूनही, म्हणजे नळीच्या इंचांत सांगितल्या जाणाऱ्या आतल्या व्यासावरूनही, बरेच कळते. बंडखोरांच्या हाती लष्करी .४५० ची काडतुसे पडू नयेत म्हणून सरकारने १९०७ च्या सुमारास या व्यासाच्या काडतुसांची भारतातली आयात बंद केली. इंग्रज कारखानदारांनी मग .४६५, .४७०, .४७५ असे शेजारचे व्यास काढले. वाघ आणि गव्यासाठी मागवलेली .४५० दुनळी घरात असेल तर ती बहुधा बंदीआधीची, .४७० असेल तर नंतरची. लष्करी .३०३ हा बोअरही खासगी लोकांना बंद होता. त्यामुळे भारतासाठी खास .३१५ ची रायफल निघाली. तिचे काडतूस ऑस्ट्रियन ८ मिमी मानलिखेरचे, यंत्रणा ली पद्धतीची. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्याने ती मोठ्या प्रमाणावर बनवली आणि स्वातंत्र्यानंतर इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीने हा बोअर चालू ठेवला. कपाटात .३०३ निघालीच तर ती आजही ‘निषिद्ध बोअर’ आहे आणि तिचा परवाना जिल्हा पातळीवर मिळत नाही, तो केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात आहे.

नळीवर कोरलेला पत्ता हा तिसरा दुवा. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूक पेढीच्या नळीवर ‘९८ न्यू बाँड स्ट्रीट’ असेल तर ती १९६० च्या सुमारास पेढी ब्रूटन स्ट्रीटला जाण्याआधीची. नाव मात्र नेहमी कारागिराचे नसते. कलकत्त्याची मँटन, रॉडा, लायन अँड लायन किंवा आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी हे विक्रेते. माल बर्मिंगहॅमचा, नाव त्यांचे. आर्मी अँड नेव्हीची मुंबई शाखा १८९१ ची आणि काळा घोड्याजवळची तिची इमारत अजून त्याच नावाने ओळखली जाते. रॉडा हे नाव बंगालमध्ये वेगळ्याच कारणाने लक्षात आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये क्रांतिकारकांनी या पेढीची पन्नास माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे लांबवली होती.

शेवटी कारखान्याच्या वह्या. रिग्बी, हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स या पेढ्यांच्या जुन्या विक्रीवह्या टिकल्या आहेत. अनुक्रमांक कळवून शुल्क भरले की रायफल कधी आणि कुणाला गेली याची नोंद मिळू शकते.

दस्त्यावरच्या चांदीच्या पट्टीवर मात्र एकट्याने विसंबू नये. जिम कॉर्बेट यांची .२७५ रिग्बी हे याचे उत्तम उदाहरण. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जे. पी. ह्युएट यांनी ती भेट दिली, असा १९०७ सालचा उल्लेख तिच्या पट्टीवर आहे. ते साल वाघिणीचे आहे, नळी कधी घडली ते पट्टी सांगत नाही. त्यासाठी वही आणि छापच पाहावे लागतात. (.२७५ रिग्बी म्हणजे दुसरे तिसरे काही नसून जर्मन ७×५७ माउझरच. आपले नाव दिले की गिऱ्हाईक जास्त दाम मोजते, हे तेव्हाही ठाऊक होते.) ही रायफल २०१५ मध्ये रिग्बी कंपनीने परत मिळवली.

दुरुस्ती किती करावी

कमीत कमी. मूळ काळा रंग साठ टक्के उरलेली रायफल जाणकार हौसेने घेतो. चकचकीत करून आणलेल्या, कडा गोल झालेल्या आणि अक्षरे बुजलेल्या रायफलीकडे तो बघत नाही. आपल्याकडे लग्नाआधी भांडी कल्हईला द्यावीत तशी बंदूक ‘बफिंग’ला देण्याची पद्धत आहे. त्यात जेवढ्या रायफली गेल्या तेवढ्या गंजानेही गेल्या नसतील.

पहिले काम स्क्रूचे. इंग्रजी कामातल्या स्क्रूच्या खाचा केसासारख्या अरुंद असतात आणि सगळ्या नळीच्या दिशेने लावलेल्या असतात. बाजारातला पेचकस पाचरीसारखा निमुळता असतो, तो खाचेतून निसटतो आणि डोके फाटते. कारागीर प्रत्येक खाचेसाठी पेचकसाचे पाते घासून बेतशीर करतो, स्क्रूला एक-दोन दिवस पातळ तेल पाजतो, मग हलकी ठोक देऊन फिरवतो. खाचा वाकड्यातिकड्या दिसल्या तर आधी कुणीतरी हात घातलेला आहे असे खुशाल समजावे.

वरवरचा तांबूस गंज तेल आणि अगदी बारीक पोलादी लोकरीने निघतो. काळा झालेला जुना थर तसाच राहू द्यावा, तो खाली धातू खात नाही. रंग पुन्हा चढवायचाच असेल तर जुनी रीत गंजाचीच आहे. पोलाद पूर्ण तेलविरहित करून त्यावर सौम्य आम्लाचे द्रावण पुसतात आणि नळी दमट कपाटात टांगतात. काही तासांत तिच्यावर मखमलीसारखा लाल गंज धरतो. मग ती उकळत्या पाण्यात सोडतात आणि लाल ऑक्साइडचा काळा मॅग्नेटाइट होतो. वरची भुकटी लोकरीने झाडून पुन्हा द्रावण. असे अनेक फेरे झाले की तो खोल, किंचित निळसर काळा रंग येतो. सोपा मार्ग म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या क्षारांत भाग बुडवणे. एकनळी माउझरला तो एक वेळ चालेल. दुनळीला कधीही नाही, कारण तिच्या नळ्या कथिल-शिशाच्या डाकाने जोडलेल्या असतात आणि तो डाक कॉस्टिक खातो. आत अडकलेले क्षार महिन्यांनी बाहेर झिरपतात ते निराळेच.

दस्ता बहुधा अक्रोडाचा. इंग्रज कारागीर जवसाच्या तेलात अल्कानेटचे मूळ मुरवून लाल तेल करीत. हे मूळ आपल्या रतनजोतीच्या जातकुळीतले. तेलाचे दोन थेंब तळहाताने जिरवायचे, वाळू द्यायचे, पुन्हा जिरवायचे. आठवडे लागतात. पॉलियुरेथेनचा चकाकता थर एका दुपारी होतो आणि तसाच दिसतो. खोक पडलेली नसेल, लाकूड नुसते दबलेले असेल, तर ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री टेकवली की वाफेने तंतू फुगून वर येतात. बोल्टमागचे लाकूड वर्षानुवर्षे तेल पिऊन काळे आणि मऊ झालेले असते. तिथे खडूची पूड लेपून तेल ओढून घेतात.

नळीच्या आतली अवस्था

बाहेरून देखणी आणि आतून चाळण, ही भारतातल्या जुन्या रायफलींची ठरलेली तक्रार. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या भागात) पोटॅशियम क्लोरेट असे. स्फोटानंतर उरणारे क्लोराइड मिठासारखे ओल ओढते, आणि कोकणातल्या किंवा मावळातल्या पावसाळ्यात एका रात्रीत नळीत गंज धरतो. तेलाने हा क्षार विरघळत नाही. म्हणून जुने शिकारी आधी नळीत उकळते पाणी ओतत, मगच तेल देत. कॉर्डाइटची आच त्याशिवाय चेंबरच्या (नळीत काडतूस बसते त्या जागेच्या) तोंडाशी पोलाद झिजवते ती वेगळी. आतले खड्डे भरून निघत नाहीत.

रायफल डागायची असेल तर कारागीर चेंबरमध्ये कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू ओततो. निघालेला ठसा मोजला की काडतूस नेमके कुठले ते कळते. नळीवरचे नाव आणि चेंबर जुळेलच असे नाही. बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधले अंतर खास मापकाने तपासतात, नळीचा व्यास शिशाची गोळी दाबून काढतात. प्रूफचा छाप आहे म्हणून ही तपासणी टाळता येत नाही. नळी ज्या दिवशी तपासली त्या दिवसापुरती ती साक्ष आहे. अनेक जुन्या बोअरची काडतुसे आता मिळतही नाहीत.

ठेवण

चामड्याच्या म्यानात रायफल ठेवू नये. कमावलेल्या चामड्यातले क्षार आणि ओल पोलादाला लागतात. पावसाळ्यात सिलिका जेल, महिन्यातून एकदा हात फिरवणे आणि पातळ तेल पुरते. तेल भरपूर ओतले तर ते उतरून लाकडात जाते, म्हणून उभी ठेवायची असल्यास नळीचे तोंड खाली करावे. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा करण्याची नोटीस आली तर रायफल काही महिने पोलिसांच्या कोठीत राहू शकते. देण्यापूर्वी नळीत दाट ग्रीस भरावे, सर्व छापांचे फोटो काढावेत आणि पावतीवर अनुक्रमांक, बोअर व दस्त्याची अवस्था लिहून घ्यावी. परत मिळाल्यावर डागण्याचा प्रश्न आला तर आधी ते ग्रीस पूर्ण काढावे लागते.