एक, तीन, दोन आणि पुन्हा तीन

बास्केटबॉल पहिल्यांदाच बघणारा सगळ्यात आधी अडखळतो तो गुणफलकापाशी. चेंडू तोच, रिंग तीच, पण आकडा कधी एकाने वाढतो, कधी दोनाने, कधी तिनाने. फ्री थ्रोचा, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकीचा एक, रिंगपासून लांब आखलेल्या कमानीसारख्या रेषेच्या आतून दोन, बाहेरून तीन, एवढाच तो हिशेब. नेम मारताना पाय रेषेला नुसता टेकला तरी तिनाचे दोन होतात. हे आकडे मात्र कुणी एका बैठकीत ठरवलेले नाहीत, आणि एक-दोन-तीन या क्रमाने तर मुळीच आलेले नाहीत.

डिसेंबर 1891. अमेरिकेत स्प्रिंगफील्डला वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाला हिवाळ्यात छपराखाली खेळता येईल असा खेळ हवा होता. त्याने शिपायाकडे चौकोनी खोकी मागितली. खोकी नव्हती, शिपायाने पीचच्या दोन करंड्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, आणि कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता. रिंग आजही तिथेच आहे, 3.05 मीटरवर. करंडीला तळ होता, म्हणून चेंडू आत पडला की शिडी लावून काढावा लागे. अर्थात ही शिडी त्या दिवशी फारशी लागली नाही: नऊ-नऊ जणांचा तो पहिला सामना 1-0 असा संपला. गोल म्हणजे एक, विषय संपला.

नेस्मिथच्या तेरा नियमांत फ्री थ्रो नव्हताच. एका संघाने लागोपाठ तीन फाउल केले की समोरच्याच्या खात्यात थेट एक गोल जमा. ना नेम, ना फेक. पुढे फाउलची भरपाई म्हणून फ्री थ्रो आला. मधल्या काळात गोलाचे तीन गुण झाले आणि फ्री थ्रोचेही तीनच! म्हणजे पाच जणांना चुकवून केलेला गोल आणि कुणीही आडवं न येता मारलेली फेक, दोन्हीला मोल सारखंच. 1895-96 च्या हंगामात हे सुधारलं: गोलाला दोन, फ्री थ्रोला एक. या खेळातला सगळ्यात शहाणा बदल मला हाच वाटतो. रेषेच्या आतून नेम मारताना कुणी धक्का दिला तर दोन फ्री थ्रो मिळतात. दोन्ही आत गेले की हुकलेल्या बास्केटचे गुण जसेच्या तसे परत. चेंडू धक्क्यानंतरही आत गेलाच, तर ते गुण मिळतात आणि वर एक फेक.

एक पळवाट मात्र बरीच वर्षं उघडी होती. फाउल कुणावरही होवो, संघ आपला पट्टीचा नेमबाज फ्री थ्रोला पुढे करत असे. ज्याच्यावर फाउल, त्यानेच फेकायचं हा नियम 1920 च्या दशकात आला. शिवाय प्रत्येक बास्केटनंतर चेंडू मध्यावर नेऊन पुन्हा जंप बॉल होई, म्हणजे दोघांच्या मध्ये चेंडू वर उडवून खेळ नव्याने सुरू होई, आणि खेळ रेंगाळे. तो 1937 मध्ये बंद झाला. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकची अंतिम लढत अमेरिकेने कॅनडाविरुद्ध 19-8 अशी जिंकली. अर्थात तिथे भर पावसात उघड्यावरच्या मातीच्या मैदानात ड्रिबल करायचं होतं, त्यामुळे सगळा दोष नियमांना देता येत नाही.

खरा कंटाळा पुढेच होता. 22 नोव्हेंबर 1950 ला एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सना 19-18 असं हरवलं. जॉर्ज मायकन नावाचा सहा फूट दहा इंची गडी लेकर्सकडे होता, म्हणून पिस्टन्स चेंडू नुसता हातात धरून उभे राहिले. लेकर्सच्या 18 पैकी 15 गुण एकट्या मायकनचे. यावर तोडगा निघाला 1954 मध्ये. सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी हिशेब मांडला: रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण 120 नेम मारतात, सामना 2,880 सेकंदांचा, भागाकार 24. तोच शॉट क्लॉक: चेंडू हाती आला की 24 सेकंदांत नेम मारायलाच हवा. एका हंगामात संघाची सरासरी 79 च्या आसपासवरून 93 वर गेली.

तीन गुण परत आले ते अंतराच्या वाटेने. 1961 मध्ये एबीएल या अल्पायुषी लीगने तीन गुणांची रेषा आखली, 1967 मध्ये एबीए या दुसऱ्या लीगने उचलली. गंमत अशी की एबीएचा तेव्हाचा कमिशनर होता तोच मायकन, रिंगखाली उभं राहून ज्याने आयुष्यभर गुण कमावले! एनबीएने 1979 मध्ये ती स्वीकारली, फिबा या जागतिक बास्केटबॉल संघटनेने 1984 मध्ये. एनबीएतल्या विल्ट चेंबरलेनचे 1962 चे एकाच सामन्यातले 100 गुण त्याआधीचे: 36 बास्केट आणि 28 फ्री थ्रो, तीन गुणांचा एकही नाही.

त्रैराशिक सोपं आहे: बाहेरून तीनांत एक आत गेला, तरी तो आतून दोनांत एक गेल्याइतकाच फळतो. तरी संघांना हे अंगवळणी पडायला तीन दशकं लागली. 2015-16 च्या एनबीए हंगामात स्टीफन करीने एकट्याने तीन गुणांचे असे 402 मारले.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये आलेल्या तीन-तीन खेळाडूंच्या अर्ध्या मैदानी प्रकारात आकडे पुन्हा उतरले आहेत. आतून एक, बाहेरून दोन, आणि आधी 21 गाठेल तो जिंकला. फ्री थ्रोचाही एकच. म्हणजे आतली बास्केट आणि फ्री थ्रो तिथे पुन्हा एकाच भावात.