कुत्र्याचा डॉक्टर निवडताना त्यांचा फ्रिजही बघा
दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे भुऱ्या नावाचं पिल्लू होतं. सहा आठवड्यांचं झाल्यावर त्याला एक लस दिली आणि आम्ही निर्धास्त झालो, कारण 'लस झाली' एवढंच आम्हाला कळत होतं. तीन आठवड्यांनी त्याने खाणं सोडलं, मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब, अमळनेरहून जळगावला मांडीवर घेऊन गेलो, चार दिवस सलाईन लावलं आणि पाचव्या दिवशी तो गेला. पार्वो नावाचा विषाणूचा आजार. शेजारचे नाना म्हणाले, "लस दिधी तरी मरना, मंग काय कामनी?" तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

नंतर डॉक्टरांना विचारत गेलो, वाचत गेलो, तेव्हा खरं कारण समजलं. पिल्लू जन्मल्यावर आईचा पहिला चीक पितं ना, त्या चिकातून आईची प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारे घटक, त्याच्या रक्तात जातात आणि सुरुवातीचे काही आठवडे त्याला सांभाळतात. पण हीच प्रतिपिंडं लसीतल्या विषाणूलाही खरा शत्रू समजून निकामी करतात, म्हणजे लस टोचली जाते पण शरीर त्यातून काही शिकतच नाही. मग हळूहळू आईचं संरक्षण ओसरतं, आणि ते कोणत्या पिल्लाचं कधी ओसरेल हे बाहेरून दिसत नाही, कुणाचं आठव्या आठवड्यात, कुणाचं पंधराव्या. म्हणून लस एकदा देऊन भागत नाही, सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी देत जायची आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. भुऱ्याला पहिलाच डोस मिळाला होता. पुढची तारीख आम्हाला कुणी सांगितली नाही, आम्हीही विचारलं नाही.

तेव्हापासून मी डॉक्टर पारखताना पहिल्यांदा हेच बघतो की पुढची तारीख ते स्वतःहून लसीच्या कार्डावर लिहितात का, आणि बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर कार्डावर चिकटवतात का.

दुसरी गोष्ट फ्रिज. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते, आणि आपल्या खान्देशात मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, वर लाईट कधी जाईल भरवसा नाही. उन्हात गाडीच्या डिक्कीत फिरून आलेल्या लसीचा रंग बदलत नाही, वास येत नाही, ती नुसती मेलेली असते. उलट बर्फाला चिकटून गोठली तर रेबीजची लसही खराब होते, म्हणजे थंडी पण मापातच हवी. त्यामुळे सरळ विचारा, "डॉक्टरसाहेब, लाईट गेली की लसींचं काय करता?" चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही, ते इन्व्हर्टर दाखवतात नाहीतर थर्मोकोलचा डबा दाखवतात. ज्यांना राग येतो तिथे मी परत जात नाही.

शिक्षणाचंही बघावं. पशुवैद्यकाची पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची आहे आणि १९८४ च्या कायद्यानुसार प्रॅक्टिस करायला पशुवैद्यक कौन्सिलची नोंदणी लागते, तो नंबर प्रिस्क्रिप्शनवर असायला हवा. आपल्याकडे खेड्यात गाई-म्हशींना इंजेक्शन देणाऱ्या प्रत्येकाला 'डॉक्टर' म्हणायची सवय आहे, त्यातले बरेच जण अनुभवी असतात हे मी नाकारत नाही, पण कुत्र्याचं शरीर म्हणजे लहान म्हैस नव्हे. माणसाची तापाची गोळीसुद्धा कुत्र्याला महागात पडते, आयबुप्रोफेनने पोटात जखमा होतात, किडनी जाते.

टेबलावर काय होतं ते नीट बघा. आधी वजन, मग ताप मोजणं (कुत्र्याचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे हात लावून 'अंग गरम आहे' म्हणण्यात अर्थ नाही), हिरड्यांचा रंग, गळ्याखालच्या गाठी चाचपणं. हे काहीच न करता सुई भरायला घेतली की मला काळजी वाटते.

आता गोचीड, कारण आपल्याकडे खरा पैसा इथेच जातो. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड कोरड्या, गरम हवेत मजेत जगते, आणि तिचं बहुतेक आयुष्य कुत्र्याच्या अंगावर जातच नाही. रक्त पिऊन फुगली की ती खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत जाऊन हजारोंनी अंडी घालते. आमचं जुनं धाब्याचं घर, मातीच्या भिंती, शेजारी गोठा, तिला आणखी काय पाहिजे? आम्ही महिनाभर कुत्र्याला औषधाने आंघोळ घालत होतो आणि भिंत तशीच होती. शेवटी भेगा सिमेंटने बुजवल्या, चुना मारला, त्याचं अंथरूण उन्हात टाकायला लागलो, तेव्हा कुठे फरक पडला, आणि तो खर्च औषधापेक्षा कमीच होता. गोठ्यातलं जनावरांचं गोचीड-औषध मात्र अंदाजाने कुत्र्याला लावू नका, तो अंग चाटतो आणि विष पोटात जातं.

गोचीड चावल्याने एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात शिरतो, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी होतात, कुत्रा मलूल होतो, कधी नाकातून रक्त येतं. अशा वेळी डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं तर ते पैसे उकळतात असं समजू नका, बाहेरून दिसणारा ताप दहा कारणांनी असतो. औषध सहसा डॉक्सीसायक्लिन, साधारण २८ दिवस. पाचव्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागतो आणि लोक गोळ्या बंद करतात, मग तो जंतू आत दबून राहतो आणि पुढे परत डोकं वर काढतो.

रेबीजबद्दल थोडंच सांगतो. तिसऱ्या महिन्यात पहिली लस, मग दरवर्षी. एका बाटलीत दहा डोस येतात असाही पॅक मिळतो, उघडल्यावर तो त्याच दिवशी संपवावा लागतो, म्हणून गल्लीतल्या दहा घरांनी मिळून एक दिवस ठरवला तर प्रत्येकाला स्वस्त पडतं. आम्ही २८ सप्टेंबर धरतो, त्या दिवशी जागतिक रेबीज दिन असतो, आणि १८८५ मध्ये माणसाला पहिल्यांदा ही लस देणारे लुई पाश्चर १८९५ साली त्याच तारखेला वारले. गल्लीतली बिनमालकाची कुत्रीही आम्ही त्यात धरतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातही आधी चौकशी करा, केसपेपर अगदी कमी पैशात निघतो. फक्त तिथे पदवीधर डॉक्टर बसतात का ते विचारून घ्या.

जंताची गोळी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी. आईच्या अंगात झोपलेल्या जंताच्या अळ्या गाभणपणात जाग्या होऊन पोटातल्या पिल्लात जातात, म्हणून पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की औषध सुरू करायचं, आणि मोठं झाल्यावर दर तीन महिन्यांनी. अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या हातालाही याच जंतांची अंडी लागतात. डोस वजनावर असतो. आता आमच्याकडे भुरी आहे, उद्या तिची गोळी आहे, आणि सकाळी तिला घेऊन कापूस तोलायच्या काट्यावर उभा राहणार, मग एकटा उभा राहणार आणि वजाबाकी करणार.