पार्श्वभूमी: मॉडेल विमानांच्या जुन्या इंजिनांची दुरुस्ती

मॉडेल विमानाचे सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे इंजिन आज हाती येते तेव्हा बहुधा ते जाम झालेले असते, त्याचे एखाददुसरे अंग गायब असते आणि ते बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडलेला असतो. ही अवस्था केवळ वापराने आलेली नाही. या छंदातले तंत्र झपाट्याने बदलत गेले आणि दर बदलात आधीच्या इंजिनांची मोडतोड झाली, म्हणूनच आज ही दुरुस्ती एकट्यादुकट्याच्या आवाक्यात राहिलेली नाही.

१९३३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत मॅक्सवेल बॅसेट या तरुणाने, फिलाडेल्फियाच्या बिल ब्राउनने घडवलेले पेट्रोल इंजिन विमानाला लावून, रबराच्या पिळावर उडणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले. पुढच्याच वर्षी 'ब्राउन ज्युनियर' हे सुमारे १० सीसीचे इंजिन बाजारात आले. त्यात ठिणगी पाडण्यासाठी कॉइल, कंडेन्सर, बॅटरी आणि क्रँकशाफ्टवर (पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर) उघडमीट करून विजेचा प्रवाह जोडणारे-तोडणारे पॉइंट लागत, आणि हा सगळा संसार विमानाला वाहून न्यावा लागे. १९४७ मध्ये रे आर्डेन यांचा, ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा ग्लो प्लग आला. मिथेनॉलच्या संपर्कात त्याची प्लॅटिनमची तार तापलेली राहते, त्यामुळे इंजिन एकदा सुरू झाले की बॅटरी काढून घेता येते. शेकडो हौशींनी कॉइल-कंडेन्सर फेकून दिले, पॉइंटची जुळणीही उतरवली आणि त्याच जुन्या इंजिनात ग्लो प्लग बसवला. त्या वेळी तो शहाणपणाच होता. पण ठिणगीवर चालणाऱ्या इंजिनांची मूळ पॉइंट-जुळणी आज दुर्मीळ झाली आहे, ती या कारणाने.

युरोपात वाट वेगळी निघाली. स्वित्झर्लंडमध्ये १९४० च्या दशकाच्या आरंभी 'डायनो' हे केवळ दाबावर पेट घेणारे इंजिन आले, आणि युद्ध संपताच ब्रिटनमध्ये 'मिल्स १.३' सारख्या छोट्या डिझेल इंजिनांची लाट उसळली. ईथर, रॉकेल आणि एरंडेल तेल यांचे मिश्रण हे त्यांचे इंधन. प्लग नाही, बॅटरी नाही. डोक्यावरच्या स्क्रूने आतला प्रति-पिस्टन (सिलिंडरच्या वरच्या टोकाला बसवलेला, सरकवता येणारा दुसरा पिस्टन) खाली सरकवून दाब वाढवायचा. या इंजिनांत पिस्टनला बहुधा रिंगा नसतात. बिडाचा पिस्टन पोलादी लायनरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या नळीत) घासून इतका अचूक बसवलेला असतो की मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकी झीजसुद्धा भोवते. चांगले इंजिन पंखा फिरवताना स्प्रिंगसारखे उलटे उसळी मारते; झिजलेल्यात पंखा सुस्तपणे पुढे सरकतो आणि पिस्टनच्या कडेने तेलाचे बुडबुडे येतात. ठिणगीचे इंजिन अशा स्थितीतही काही काळ तग धरते, डिझेल मात्र सुरूच होत नाही.

एरंडेल तेलाने या इंजिनांना वाचवलेही आणि जखडूनही टाकले. तापलेल्या धातूवर ते उत्तम वंगण आहे, पण वर्षानुवर्षे पडून राहिले की त्याचा रोगणासारखा थर बनतो. अशा वेळी पंख्यावर पक्कड लावून जोर केला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि शाफ्टवर दातांचे वण कायमचे उमटतात. त्यापेक्षा मोटारीच्या कूलंटमध्ये, मंद आचेवर, उकळू न देता इंजिन कित्येक तास ठेवण्याची रीत हौशी मंडळींनी एकमेकांना शिकवली आणि ती खरोखर उपयोगी पडते. गंमत अशी की हाच थर कधी झीज झाकतो. तो निघाल्यावर घट्ट वाटणारे इंजिन हवा धरेनासे होते.

मग गरज पडते लेथवाल्याची. आधी लायनर आतून घासून गोल आणि सरळ करायचा, त्याच्या मापापेक्षा किंचित जाड नवा पिस्टन कातायचा आणि बारीक पेस्टने त्याला लायनरमध्ये बसता करायचा, हे काम पुस्तक वाचून येत नाही. कुणाकडे लेथ असतो, कुणाकडे मोडक्या इंजिनांचा डबा, तर कुणाकडे शाबूत इंजिन असते आणि तो त्याच्या पॉइंट-जुळणीची मापे घेऊन पाठवतो. अमेरिकेतील मॉडेल इंजिन संग्राहकांची संघटना आणि जुन्या धाटणीची विमाने उडवणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ अँटिक मॉडेलर्स' यांनी या देवाणघेवाणीला घर दिले. १९३५ मध्ये सुरू झालेल्या 'एरोमॉडेलर' या ब्रिटिश मासिकात लॉरेन्स स्पॅरी यांनी घेतलेल्या चाचण्यांत इंजिनांची शक्ती आणि फेरे नोंदलेले आहेत. कारखान्याची कागदपत्रे मिळत नाहीत तिथे दुरुस्त इंजिनाची तुलना करायला त्यांचा आधार होतो.

भारताचाही या गोष्टीशी संबंध आहे. इथे 'मिल्स'च्या प्रतिकृती तयार झाल्या आणि त्या परदेशातही गेल्या. मूळ इंजिन दुरुस्त करताना अशा प्रतिकृतीचा भाग कामी येऊ शकतो, पण तो जसाच्या तसा बसेल असे गृहीत न धरता आधी मोजून पाहावे.

दुरुस्त इंजिन चालवावे की कपाटात ठेवावे, यावर मंडळींत मतभेद आहेत. माझ्या मते चालवावे, मात्र ओतीव क्रँककेस (क्रँकशाफ्टभोवतीचे कवच) चकचकीत करू नये, कारण साच्यातून आलेला त्याचा खरबरीत पोत गेला की परत आणता येत नाही. आणि बदललेला जुना पिस्टन इंजिनासोबतच जपावा, म्हणजे पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला मूळ माप आणि धातू दोन्ही तपासता येतील.