जबडा-पुनर्रचनेनंतरची जीवनगुणवत्ता

कर्करोगामुळे जबड्याचे हाड काढून तेथे शरीराच्या दुसऱ्या भागातील हाड वा ऊती बसविल्यानंतर चावणे, गिळणे, बोलणे, चेहऱ्याचे रूप आणि चारचौघांतील वावर यांबाबत रुग्णाला स्वतःला जाणवणारी स्थिती. ‘जीवनमान’ या शब्दाला आर्थिक अर्थ चिकटलेला असल्याने तो येथे टाळला आहे.

खालच्या जबड्यासाठी बहुधा पोटरीतील बारीक हाड, म्हणजे बहिर्जंघास्थी, रक्तवाहिन्यांसह काढून घेतात. हनुवटीचा बाक साधण्यासाठी त्याचे दोन-तीन तुकडे करून पट्टी व स्क्रूंनी जोडतात आणि त्याच्या रक्तवाहिन्या मानेतील वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. या हाडाच्या अशा रोपणाचे श्रेय सामान्यतः इयन टेलर व सहकाऱ्यांच्या १९७५ मधील लेखाला दिले जाते. जपानमधील उएबा व फुजिकावा यांनी ते १९७४ मध्येच केले होते; मात्र त्यांचा वृत्तांत १९८३ मध्ये छापला गेल्याने प्रसिद्धीचा क्रम धरणे अधिक सयुक्तिक वाटते. ही दोन्ही रोपणे हातापायांच्या हाडांसाठी होती. जबड्यासाठी हे तंत्र रूढ झाले ते डेव्हिड हिडाल्गो यांच्या १९८९ मधील लेखानंतर.

मोजमापासाठी वॉशिंग्टन विद्यापीठाची प्रश्नावली आणि युरोपीय कर्करोग संशोधन संघटनेची डोके-मान प्रश्नावली विशेष प्रचलित आहेत. पहिलीत चावण्याविषयी तीनच पर्याय आहेत : पूर्वीसारखे चावता येते, मऊ घनपदार्थ खाता येतात पण काही पदार्थ चावता येत नाहीत, आणि मऊ पदार्थही चावता येत नाहीत, त्यांना अनुक्रमे १००, ५० व ० गुण मिळतात. पातळ पेज पिणारा व चमच्याने कालवलेले अन्न गिळणारा असे दोघेही त्यामुळे शून्यावरच येतात. शस्त्रक्रियेनंतर घसरलेले एकंदर गुण साधारण वर्षभरात बरेचसे सावरतात, चावणे व लाळ यांचे मात्र मागे राहतात. रुग्णाचे स्वतःचे निकषच बदलत जात असल्याने केवळ बेरजेवर विसंबणे धोक्याचे आहे.

हाड जुळले तरी खालच्या ओठाची संवेदना देणारे चेतातंतू कापले गेले असल्यास ओठावरून ओघळलेले पाणी रुग्णाला कळत नाही. किरणोपचारानंतर तोंड उघडणे आखडते. तोंड पूर्ण उघडल्यावर वरच्या व खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधील अंतर ३५ मिमी. वा कमी असल्यास त्याला बहुधा हनुस्तंभ मानतात. किरणोपचार झालेल्या हाडाचा मृत्यू ही आणखी उशिरा उद्भवणारी गुंतागुंत होय. रोपित हाडात दंतरोपण केल्यास चावणे सुधारू शकते. एकंदर जीवनगुणवत्ता किती सुधारते याविषयी मात्र मतभेद आहेत. वरच्या जबड्यात टाळूचे छिद्र कृत्रिम पट्टीने बुजविण्याचा पर्यायही उपलब्ध असतो.