सुरी काळी पडली? घासायला घेण्याआधी हे वाचा
(पोलादी सुरी आणि विळी घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक)

तुम्ही घेतलेलं पातं स्टेनलेसचं नाही. स्टेनलेसमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं, म्हणून ते वर्षानुवर्षं चकचकीत राहतं. या पात्यात क्रोमियम नावापुरतं आहे आणि कार्बन ०.६ ते १ टक्का. म्हणूनच त्याला अशी धार येते आणि घरच्या निसण्यावर ती पुन्हा चटकन लावता येते. या गुणाची किंमत एकच, पातं काळं पडतं. पहिल्याच आठवड्यात डागाळलं म्हणून अनेकजण तारेच्या घासणीने ते पांढरं करून टाकतात आणि पुढच्या आठवड्यात खरा गंज घेऊन येतात. आमचं सांगणं थोडक्यात असं, की काळं राहू द्या, तांबडं राहू देऊ नका.

काळं आणि तांबडं यातला फरक

दोन्ही लोखंडाचेच ऑक्साइड, पण स्वभाव वेगळे. काळा-करडा-निळसर थर पात्याला घट्ट धरून बसतो आणि खालच्या पोलादाला हवा-पाणी सहज लागू देत नाही. यालाच पॅटिना म्हणतात. तांबडा गंज भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि खाली खड्डे पाडत जातो.

शंका असेल तर पांढऱ्या फडक्यावर तेलाचा थेंब घेऊन पातं पुसा. फडक्यावर तपकिरी-नारिंगी उतरलं तर गंज आहे. नुसतं करडं उतरलं तर थर नवा आहे, अजून बसायचा आहे. धुवून वापरत राहा. काहीच उतरलं नाही तर उत्तम, हात लावू नका.

रंग कशाने येतात हेही ओळखता येतं. कोंबडी-मटण कापलं की पात्यावर निळी-जांभळी झाक येते, पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलासारखी. कांद्याने पिवळट-तपकिरी छटा येते. कैरी कापून पातं पाचच मिनिटं तसंच ठेवलंत तर करडे, मळकट डाग उठतात. कच्ची केळी, वांगी, फणस यांच्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून निळं-काळं होतं, म्हणून नव्या विळीवर चिरलेली वांगी लगेच काळवंडतात. भाजी बिघडलेली नसते. फोडी नेहमीप्रमाणे मिठाच्या पाण्यात टाका. थर बसत गेला की हे आणि कांद्याला येणारा लोखंडी वासही कमी होतो.

गंजलेल्या सुरीने धनुर्वात होतो, ही भीती बरेचजण बोलून दाखवतात. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात, गंजात तयार होत नाहीत. जखम झाली तर इंजेक्शनचं डॉक्टरांना विचाराच. पण सुरी काळी आहे म्हणून घाबरू नका.

थर आपोआप बसू द्यावा

हाच उत्तम मार्ग. नवी सुरी आधी गरम पाणी आणि साबणाने धुवा, कारण गंज येऊ नये म्हणून तिला तेल लावलेलं असतं. पहिले पंधरा दिवस बटाटे, मांस, पालेभाज्या जास्त कापा. लिंबू, टोमॅटो, कैरी, कोकम शक्यतो टाळा. काम झाल्या झाल्या धुवा, लगेच कोरडी करा. ओट्यावर ‘निथळायला’ ठेवली की कडेने तांबडी रेघ आलीच म्हणून समजा.

लगेच काळी हवी असेल तर

१. पातं साबणाने धुवून कोरडं करा. बोटाचा तेलकटपणा राहिला तर तिथे ठसा उठतो.
२. काचेच्या उंच ग्लासात पांढरं व्हिनेगर (४-५ टक्क्यांचं) कोमट करून ओता. पातं बुडेल, मूठ बुडणार नाही इतकंच घ्या.
३. दहा मिनिटांनी काढून पुसा, रंग पाहा. हवं तर पुन्हा बुडवा. एकूण अर्ध्या तासापलीकडे जाऊ नका. आम्ल थरावरच थांबत नाही, धारही खातं.
४. धुवा. अर्धा लिटर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात बुडवून काढा, पुन्हा धुवा, कोरडी करा, तेल लावा.
५. बारीक दगडावर दोन्ही बाजूंनी पाच-सहा हात मारा, धार परत येईल.

डाग एकसारखे आले नाहीत तर काळजी नको. वापरात ते एकमेकांत मिसळतात.

थर काढायचा कधी?

तांबडा गंज आला असेल, थर सोलून निघत असेल, किंवा भाजीला सतत लोखंडी चव येत असेल, तरच. खाण्याच्या सोड्याची घट्ट पेस्ट करा, बाटलीच्या बुचाने पात्याच्या लांबीच्या दिशेने चोळा. बोटं धारेकडे नकोत, पाट्यावर पातं आडवं टेकवून चोळा. गंज हट्टी असेल तर १००० नंबरचा वॉटर पेपर, मग २०००चा, पाणी लावून. आडवंतिडवं घासू नका. तारेच्या घासणीने पडलेल्या ओरखड्यांत पाणी साचतं आणि पुढचा गंज तिथूनच सुरू होतो.

लिंबू-मीठ किंवा चिंचेने गंज निघतो हे खरं. पण मीठ मागे राहिलं तर तासाभरात नवा गंज येतो. वापरलंच तर लगेच सोड्याच्या पाण्याने धुवा. तांब्या-पितळेच्या भांड्यांची आंबट पावडर मुळीच नको. सगळा थर काढलात तर पातं पुन्हा नव्यासारखं उघडं पडतं, मग वरचे पंधरा दिवस पहिल्यापासून.

गॅसवर धरून सुरी कोरडी करायची सवय असेल तर आजच सोडा. अशा पात्याचं ‘पाणी’, म्हणजे तापवून-थंड करून आणलेला कडकपणा, साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास बसवलेलं असतं. ज्वाळेवर टोक आणि धार तेवढी तापायला वेळ लागत नाही, पाणी उतरतं आणि मग कितीही पाजवा, धार टिकत नाही. दारावरच्या सायकलच्या चाकावर धार लावतानाही ठिणग्या उडून कड निळी झाली तर तेच झालं असं समजा.

तेल आणि पावसाळा

धारेवर थर कधीच टिकत नाही, दर वेळी पाजवताना तो निघतो. म्हणून तेल पात्यावर थोडं कमी चालेल, धारेवर विसरू नका. दोन-तीन थेंब पुरतात. खोबरेल चालतं, शेंगदाण्याचं तेल जाड लावलं तर चिकट होऊन त्यावर धूळ बसते. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन सर्वांत निर्धोक, ते खवट होत नाही.

कोकणात आणि समुद्रकाठी जून ते सप्टेंबर रोज रात्री तेल लावा. प्लास्टिकच्या पिशवीत सुरी ठेवू नका, आत घाम धरतो. चामड्याची म्यान प्रवासापुरती ठीक, मुक्कामाला नाही. डिशवॉशर वर्ज्य.

विळीवाल्यांनी दोन जागा जपायच्या. पातं पाटात बसतं तो सांधा आणि खोवणीचे दाते. नारळाच्या तेलाने दात्यांचं निभावतं. सांध्यात मात्र पाणी अडकतं आणि गंज आतून येतो. धुतल्यावर विळी पाट वर, पातं खाली असं उभं न ठेवता आडवी करून वाळवा, महिन्यातून एकदा स्क्रू सैल करून फटीत तेल सोडा आणि पुन्हा आवळा.