ज्वारीच्या माहेरचं जेवण

खुलताबाद रस्त्यावरच्या आमच्या रिसॉर्टमध्ये आफ्रिकी आणि मराठवाडी चवींचं नवं भोजनगृह सुरू झालंय. पाटी वाचून बरेच पाहुणे दारातच विचारतात, ‘आपल्याला चालेल का हे?’ त्यांच्यासाठी हे पत्रक.

ज्या ज्वारीवर मराठवाडा पोसला, ती मूळची आफ्रिकेची. सुदानच्या बाजूला माणसानं ती पहिल्यांदा पेरली. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली, चवळीही तिकडचीच. आपण ज्याची चटणी कुटतो ते कारळ इथिओपियाचं. तिथे त्याला नूग म्हणतात आणि त्याचं तेल गाळतात. माणसंही तिकडून आली. १६१० मध्ये खडकी हे शहर वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला. त्या खडकीचंच आज छत्रपती संभाजीनगर झालंय, आणि त्याची कबर इथे खुलताबादेतच आहे. हे जेवण परकं आहे असं आम्हाला म्हणूनच वाटत नाही.

पहिल्यांदा येणार असाल तर शिरो मागवा. हरभऱ्याचं पीठ, कांदा, लसूण आणि बर्बेरे नावाचा लाल मसाला घालून रटरट शिजवलेला हा पदार्थ म्हणजे इथिओपियाचं पिठलं. बर्बेरेत सुकी लाल मिरची, मेथी, सुंठ असं बरंच काही असतं. आमच्याकडे त्यात थोडा घरचा काळा मसालाही पडतो. तिखट झेपत नसेल तर आधी सांगा, कमी करून देऊ.

शिरोसोबत येतो इंजेरा. हे आंबवलेल्या पिठाचं मोठं, जाळीदार, आंबूस घावन. इथिओपियात तो मुख्यतः टेफ नावाच्या बारीक धान्याचा करतात, पण तिथल्या सखल, उष्ण भागात ज्वारीचाही होतो. आम्ही दुसरी रीत उचलली आणि शाळूचं पीठ घेतलं. पीठ आंबायला दोन-तीन दिवस लागतात, थंडीत त्याहूनही जास्त. आम्ही त्यात सोडा घालून घाई करत नाही. त्यामुळे रोज ठरावीकच इंजेरे होतात. ते संपले, की त्याच रश्श्यांसोबत गरम भाकरी वाढतो.

मांसाहारात डोरो वट आहे. भरपूर कांदा आधी तेलाशिवाय मंद आचेवर परतायचा, मग त्यात मसाला, तूप, कोंबडी आणि शेवटी अख्खी उकडलेली अंडी. शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत होतो. पश्चिम आफ्रिकेच्या धर्तीवरच्या भाजीच्या रश्श्यात शेंगदाण्याचं वाटण असतं, तेव्हा शेंगदाणा चालत नसेल तर ऑर्डर देतानाच सांगा.

एक सूचना महत्त्वाची. मेन्यूत ‘उपवासाचं ताट’ लिहिलंय ते इथिओपियातल्या ख्रिस्ती लोकांच्या उपवासाचं. ते बुधवारी आणि शुक्रवारी मांस, अंडी, दूध-तूप वर्ज्य करतात. डाळी, कांदा, लसूण मात्र चालतात. आपल्या एकादशीला हे ताट चालणार नाही. त्यासाठी वेगळी भगर आणि शेंगदाण्याची आमटी करून देऊ.

जेवण एकाच मोठ्या परातीत येतं. खाली इंजेरा, वर रस्से, आणि भोवती सगळे बसतात. उजव्या हातानं तुकडा तोडायचा आणि त्यातच कालवण उचलायचं. शेजारच्याला प्रेमानं घास भरवण्याला तिथे ‘गुर्शा’ म्हणतात. आपल्याकडे लग्नात नवरा-नवरी एकमेकांना घास देतात तसंच. संकोच वाटला तर वेगळं ताट मिळेल, पण आजी-आजोबा आणि नातवंडं एका परातीभोवती बसलेली आम्हाला फार आवडतात.

जेवणानंतर कॉफीला थांबा. हिरवे दाणे तुमच्यासमोर तव्यावर भाजले जातात, कुटून मातीच्या सुरईत उकळले जातात, आणि रीतीप्रमाणे तीन वेळा कप भरला जातो. याला तासभर लागतो. वेरूळची लेणी पाहायची असतील तर आधी ती पाहून या. मंगळवारी लेणी बंद असतात.

पाचपेक्षा जास्त माणसं असतील तर आदल्या दिवशी रिसॉर्टच्या कार्यालयात सांगून ठेवा, म्हणजे इंजेरा कमी पडणार नाही.