आर्क्टिकमधलं तेल: साठा असेल, पण परवडेल का?

आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला अजून न सापडलेलं सुमारे ९,००० कोटी बॅरल तेल असावं, असा अंदाज अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने २००८ मध्ये मांडला. आकडा गाजला, पण काढण्याचा खर्च त्यात धरलेलाच नव्हता, हे मात्र मागे पडलं.

खर्च धरून पाहू. तेल तयार करणारा स्रोतखडक, ते साठवणारा सच्छिद्र खडक, तेल अडून राहील अशी रचना आणि वरचा अभेद्य थर, हे चारही हवेत. एक नसला तरी विहीर कोरडी. प्रत्येकाची शक्यता ०.८, ०.७, ०.६ आणि ०.६ धरली, तर गुणाकार येतो ०.२, म्हणजे पाचात एक. समजा, शोधविहिरीला ४०० कोटी रुपये लागतात आणि तेल लागलं तर सगळा खर्च जाऊन आजच्या किमतीत ३,००० कोटी उरतात. अपेक्षित लाभ म्हणजे ३,००० चा पाचवा भाग ६००, वजा ४०० चे चार पंचमांश ३२०, म्हणजे २८० कोटी. शक्यता दहात एकवर आली की ३०० वजा ३६०. सरळ ६० कोटींचा तोटा!

‘आजच्या किमतीत’ हे शब्द फार महत्त्वाचे. नॉर्वेचं स्नोव्हिट वायूक्षेत्र १९८४ मध्ये सापडलं, उत्पादन सुरू झालं २००७ मध्ये. पैशावर दरसाल १० टक्के परतावा धरला, तर २३ वर्षांनंतरच्या १०० रुपयांची आजची किंमत जेमतेम ११ रुपये भरते.

वायूची अडचण आणखी मोठी, कारण तो तेलासारखा टँकरमध्ये भरून नेता येत नाही. पाइपलाइन तरी हवी, नाहीतर द्रवीकरणाचा प्रकल्प. अलास्कातल्या प्रुडो बे इथलं तेल १९७७ पासून सुमारे १,३०० किलोमीटरच्या पाइपलाइनने दक्षिणेला जातं. सोबत निघणाऱ्या वायूसाठी तशी वाट नसल्याने त्यातला बहुतेक पुन्हा जमिनीत सोडला जात आला आहे. म्हणजे सापडलेला वायूही विकता येत नाही.

अलास्काजवळच्या चुकची समुद्रात शेल या तेल कंपनीने २०१५ मध्ये ‘बर्गर जे’ ही विहीर खोदली. पाणी अवघं ४५ मीटर खोल, पण काम करायला फक्त बर्फ वितळलेले महिने. तेल-वायूच्या खुणा मिळाल्या, मात्र पुरेशा नव्हत्या. अशा जागी बर्फाचा मारा सोसणारे प्लॅटफॉर्म आणि लांब पाइपलाइन मुळापासून उभारावी लागते. तो खर्च लहान साठ्याला पेलत नाही. जमिनीवर, तयार पाइपलाइनशेजारी तेवढाच साठा फायद्यात गेला असता. शेलने विहीर बंद केली. तोवर या मोहिमेवर सुमारे ७०० कोटी डॉलर खर्च झाले होते.